सिलिकॉनचं रेडिएशन डॅमेज: आधी फ्रीझर, मग सिम्युलेशन

मॉडेलिंग म्हणजे खुर्चीत बसून करायचं काम, असं समजून मी कण टिपणाऱ्या सिलिकॉन सेन्सरच्या रेडिएशन डॅमेजवर पीएचडीला आले. पहिले काही महिने टीकॅडमध्ये (सेमीकंडक्टर सिम्युलेशनचं सॉफ्टवेअर) ट्रॅपच्या, म्हणजे चार्ज अडकवणाऱ्या दोषांच्या, लेव्हल आणि कॉन्सन्ट्रेशन खालीवर करण्यातच गेले. इतके आकडे हाताशी असले की कुठलाही ग्राफ जुळवता येतो, आणि तोच धोका असतो.

मूळ गोष्ट सोपी आहे. येणारा कण सिलिकॉनचा अणू जाळीतून उडवतो. त्यामुळे होणाऱ्या दोषांनी लीकेज करंट (कण आला नाही तरी वाहणारा करंट) वाढतो, डिप्लीशन व्होल्टेज (सेन्सरची पूर्ण जाडी कामाला लावायला लागणारं व्होल्टेज) बदलतं आणि सिग्नलचा चार्ज वाटेत अडकतो. दर चौरस सेंटिमीटरला किती कणांचा मारा झाला, तो फ्लुएन्स; वेगवेगळ्या कणांचा तो १ एमईव्ही न्यूट्रॉनच्या हिशेबात मांडतात. ही सोय आहे, देववाक्य नव्हे. ऑक्सिजन मुरवलेलं सिलिकॉन प्रोटॉनच्या माऱ्यात वेगळं वागतं, न्यूट्रॉनच्या वेगळं.

पहिला हिशेब कागदावर करा. १ चौरस सेंटिमीटरचा, ३०० मायक्रॉन जाडीचा पॅड डायोड, म्हणजे सगळ्यात साधा सेन्सर, घ्या. फ्लुएन्स चौरस सेंटिमीटरला १० चा १४ वा घात. ६० अंशांवर ८० मिनिटं अनीलिंग केल्यावर (उबेत ठेवून दोषांमध्ये बदल होऊ दिल्यावर) अल्फा, म्हणजे एकक फ्लुएन्समागे दर घन सेंटिमीटरला वाढणारा करंट, साधारण ४ गुणिले १० चा उणे १७ वा घात, अँपिअर प्रति सेंटिमीटर. म्हणजे पूर्ण डिप्लीट झालेल्या डायोडमध्ये २० अंशांना करंट येतो १२० मायक्रोअँपिअर. तोच डायोड उणे २० अंशांवर नेला की उरतात जेमतेम दोन! तापमान न लिहिलेला करंट पाठवला, तर आमच्याकडे फाइल न उघडता परत येते.

आता माझी फजिती. रिॲक्टरमध्ये न्यूट्रॉन खाऊन आलेल्या एका सेन्सरचा करंट माझ्या आकड्यापेक्षा बराच कमी येत होता. नोंदीत लिहिलेलं, ‘फ्रीझरमध्ये ठेवला’. मी दोन आठवडे ट्रॅपशी झगडले. मग प्रयोगशाळेतल्या एका सीनियरनं सहज विचारलं, “अगं, हा इथवर आला कसा?” आला होता पार्सलनं, आणि शनिवार-रविवार कुठल्यातरी गोदामात साध्या तापमानाला पडून होता. तेवढ्यात अनीलिंग होऊन करंट उतरला होता. तो काळ हॅम्बुर्ग मॉडेलमध्ये (अनीलिंगचा हिशेब मांडणारं मॉडेल) घातला आणि जुन्याच आकड्यांवर रेषा बिंदूंजवळ येऊन बसली. ट्रॅपना मी उगाच छळलं होतं.

ऊब नेहमी फायद्याची नसते. डिप्लीशन व्होल्टेजच्या बाबतीत ती आधी सुधारणा करते, मग उलटं अनीलिंग सुरू होऊन बिघडवते. सर्नचा एलएचसी हा कण-त्वरक बंद असतानाही तिथले सिलिकॉन डिटेक्टर शक्यतो थंड ठेवतात ते यासाठीच.

नव्यानं येणाऱ्यांनी पिक्सेलवर थेट उडी मारू नये. एक डायोड, एक मिती, आयव्ही (व्होल्टेजनुसार करंट) आणि सीव्ही (व्होल्टेजनुसार कपॅसिटन्स) एवढ्यावर महिना घालवा. टीकॅडचं लायसन्स महाग असतं. ऑलपिक्स स्क्वेअर्ड हे डिटेक्टर सिम्युलेशनचं सॉफ्टवेअर फुकट आहे, सी++ मध्ये लिहिलेलं असलं तरी साध्या कॉन्फिगरेशन फाइलींवर सुरुवात होते. इलेक्ट्रिक फील्ड मात्र स्वतः तपासा. जास्त माऱ्यानंतर ते दोन्ही टोकांना उंचावतं, सरळ रेषेचं गृहीतक तिथे चालत नाही.

आमच्या फ्रीझरच्या दाराला आता दोरीनं पेन बांधलंय. सेन्सर बाहेर काढला की वेळ लिहायची, परत ठेवला की पुन्हा.