गोव्यातला पहिला पावसाळा आणि सारखा पडणारा एमसीबी

कोल्हापूरहून म्हापशाला येऊन मला 19 वर्षं झाली. दर जूनमध्ये नव्याने आलेल्या आपल्या माणसांचे फोन येतात: "पाऊस लागल्यापासून घरातली लाईट सारखी पडते, काय करू?" गावाकडे एमसीबी, म्हणजे लाईनीचा आपोआप पडणारा खटका, पडला की आपण लोड जास्त झाला म्हणतो. इथे पावसाळ्यात पहिला संशय ओलीवर घ्या. चिऱ्याची भिंत पाणी पिते, आणि अंगणातला दिवा, विहिरीचा पंप, गच्चीवरचं सॉकेट अशा ठिकाणी ओल शिरली की करंट गळायला लागतो.

आधी शेजारी डोकावा. त्यांच्याकडेही अंधार असेल तर बिघाड बाहेरचा आहे. इथे महावितरण नाही, सरकारचं वीज खातं आहे. तक्रारीसाठी 1912 लावा. अंधार फक्त तुमच्याच घरात असेल तर डीबी, म्हणजे खटक्यांची पेटी, उघडा. हात कोरडे हवेत, पायात चप्पल हवी. डीबीतच पाणी उतरलं असेल किंवा जळका वास येत असेल तर कशालाही हात न लावता वायरमनला बोलवा.

आता कोणता खटका पडलाय ते नीट बघा, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं. एकेका लाईनीचा छोटा खटका म्हणजे एमसीबी. तो जास्त लोडने किंवा शॉर्टने पडतो. वर चढवल्याबरोबर पडला तर शॉर्ट, दहा-पंधरा मिनिटं चालून पडला तर बहुधा लोड. 'टी' लिहिलेलं बटण असलेला रुंद खटका म्हणजे आरसीसीबी. जुने वायरमन त्याला ईएलसीबी म्हणतात. घरात तो साधारण 30 मिलिअँपिअरचा असतो. गेलेला करंट तेवढाच परत आला नाही की तो पडतो. लोड कमी-जास्त झाल्याने त्याला काही फरक पडत नाही, म्हणून तो पडल्यावर पंखे-दिवे बंद करत बसू नका.

आरसीसीबी पडला असेल तर सगळे एमसीबी खाली करा आणि घरातले सगळे प्लग काढा. प्लग काढणं महत्त्वाचं, कारण एमसीबी बहुतेक वेळा फक्त फेज, म्हणजे करंट आणणारी वायर, तोडतो. न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणारी वायर, अर्थिंगला लागलं असेल तर एमसीबी खाली असूनही आरसीसीबी पडू शकतो. मग आरसीसीबी आधी पूर्ण खाली दाबून वर चढवा, आणि एमसीबी एकेक करून वर करा. ज्याला तो पडेल ती लाईन खाली ठेवा. बाकीचं घर चालेल. सगळ्या लाईनी ठीक निघाल्या तर प्लग एकेक लावून बघा. माझ्या अनुभवात दोषी निघतात ते गिझरचं एलिमेंट, पंप किंवा बाहेरचा दिवा. इन्व्हर्टर नुकताच बसवला असेल तर त्याचं न्यूट्रल घरच्या न्यूट्रलमध्ये मिसळलंय का, हे वायरमनला आवर्जून तपासायला सांगा.

लोडचा हिशेब सोपा आहे. वॉटला 230 ने भागा. 2000 वॉटचा गिझर म्हणजे जवळपास 8.7 अँपिअर. त्याच लाईनीवर तेवढीच इंडक्शन शेगडी लावली की 17.4, आणि 16 चा एमसीबी तापून काही वेळाने पडू शकतो. माझ्या पहिल्या भाड्याच्या घरात नेमकं हेच होत होतं. एका वायरमनने 16 चा काढून 32 चा बसवला. एमसीबी पडायचा थांबला. महिन्याभराने सॉकेटमागची भिंत काळी पडली. आतली जुनी, बारीक वायर वितळली होती. रात्री मुलं त्याच भिंतीला लागून झोपत. आजही ती भिंत आठवली की पोटात गोळा येतो. म्हणून कळकळीने सांगतो, जाड वायर न ओढता मोठा एमसीबी बसवू देऊ नका, आणि आरसीसीबीला बगल देऊन 'डायरेक्ट' तर कधीच नाही, मग घरमालक कितीही म्हणो.

नवीन घराची किल्ली घेतानाच 'टी' बटण दाबून बघा. खटका पडला नाही तर आरसीसीबी बदलून मागा. अर्थिंगचा खड्डा कुठे आहे तेही विचारा. मे महिन्यात जमीन कोरडी पडते, तेव्हा त्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओता. चवथीला, म्हणजे गणपतीत, दिव्यांच्या माळा अंगणात लावणार असाल तर जोड पावसात उघडे ठेवू नका.