भट्टीवरचा माणूस बरळायला लागला तर... या चुका टाळा

"घाम येतोय ना, मग उष्माघात कसला?" हे वाक्य ऐकलं की मी हातातलं काम टाकून धावतो. कष्टाच्या कामात उष्माघात झालेला माणूस घामाने निथळतही असतो. कोरडी कातडी शोधत बसू नका. नाव विचारा, कोणती शिफ्ट चालू आहे ते विचारा. भलतंच उत्तर आलं, तोल गेला, उगाच चिडला, तर उष्माघात धरूनच चला.

आमच्या ओतशाळेत एक कसलेला गडी महिन्याभराच्या रजेवरून परतला. अनुभवी म्हणून पहिल्याच दिवशी पूर्ण शिफ्ट भट्टीसमोर. दुपारी तो डावा हातमोजा उजव्या हातात घालत राहिला, तीनदा. "चढवून आलाय" म्हणत पोरं हसली. थोड्या वेळाने तो कोसळला आणि सगळे गाडी शोधायला पळाले. एका जुन्या फिटरने मात्र पाण्याचा पाइप ओढला, बूट-एप्रन उतरवले, गाडी येईपर्यंत त्याला भिजवत ठेवलं, वर पंखा लावला. त्यामुळेच तो वाचला, असं मला आजही वाटतं.

तेव्हापासून माझा नियम: एकाने फोन करायचा, बाकीच्यांनी गार करायचं. आधी गार, मग गाडी. शरीर 40 अंशांच्या वर तापलेलं असताना मेंदू, यकृत, मूत्रपिंडं मिनिटामिनिटाला बिघडत जातात. टाकी असेल तर गळ्यापर्यंत गार पाण्यात बसवा, डोकं धरून. बेशुद्धाच्या तोंडात पाणी ओतू नका. पॅरासिटामॉलही नको, हा ताप नव्हे.

दुसरी चूक घाईची. शरीराला उष्णतेची सवय व्हायला 7 ते 14 दिवस लागतात आणि आठवडाभराच्या सुट्टीतही ती उतरू लागते. नव्या माणसाला पहिल्या दिवशी 20 टक्केच उष्ण काम द्या, मग रोज 20 टक्के वाढवा. रजेवरून आलेल्या जुन्याला दिवसागणिक 50, 60, 80 टक्के, मग पूर्ण. "आजच माल काढायचाय" म्हणणाऱ्या सुपरवायझरचं मी ऐकत नाही. "मला काही होत नाही" म्हणणाऱ्या नव्या पोराचं तर मुळीच नाही.

पाणी तहान लागण्याआधी प्या: दर 15-20 मिनिटांनी एक ग्लास, पण तासाला दीड लिटरच्या वर नाही. मिठाच्या गोळ्या नकोत. हवा अंगापेक्षा गरम आणि कोरडी असेल तर नुसता पंखा अंग आणखी तापवतो.

आणि लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली, तर स्नायू विरघळत असू शकतात. त्या दिवशी काम बंद, थेट दवाखाना.