‘टी’ला बोलावले म्हणजे जेवायला बोलावले

लीड्स, ब्रॅडफर्ड, मँचेस्टर अशा उत्तर इंग्लंडच्या शहरांत नव्याने राहायला येणाऱ्या मराठी कुटुंबांनी ‘टी’ हा शब्द आधी नीट समजून घ्यावा. मुलाच्या वर्गमित्राच्या आईने त्याला शाळेनंतर ‘टी’साठी बोलावले, तर पाच-साडेपाचच्या सुमारास पोटभर जेवण वाढले जाणार आहे असे धरावे, मूल मांस किंवा अंडी खात नसेल, तर आमंत्रण स्वीकारतानाच तसे सांगावे. त्यात संकोचण्यासारखे काही नाही, उलट यजमानांची सोयच होते. याच भागात ‘डिनर’ हे पुष्कळदा दुपारचे जेवण असते, आणि शाळेत दुपारी जेवण वाढणाऱ्या बायकांना तर साऱ्या देशात ‘डिनर लेडी’ म्हणतात.

‘डिनर’ हा शब्द फ्रेंचमधून आला. त्याचा मूळ अर्थ उपास सोडणे. दिवसाचे मुख्य जेवण पूर्वी दुपारीच होत असे. पुढे श्रीमंतांच्या घरी ते सरकत सरकत रात्रीवर गेले, कष्टकऱ्यांकडे मात्र दुपारीच राहिले, आणि कामावरून परतल्यावर चहाबरोबर घेतलेल्या जेवणाला ‘टी’ हेच नाव पडले. बेडफर्डच्या डचेस ॲना यांच्या नावाशी १८४० च्या सुमारापासून जोडली गेलेली, नाजूक सँडविच आणि केकची दुपारची ‘टी’ निराळी. ती हॉटेलांत भरपूर पैसे मोजून मिळते.

खुद्द ‘टी’ चीनच्या फूच्येन किनाऱ्यावरच्या ‘ते’वरून डच व्यापाऱ्यांमार्फत युरोपात पोहोचली. पोर्तुगीजांनी मकावमधून ‘चा’ उचलला, आणि आपला ‘चहा’ त्याच कुळातला. १६६२ मध्ये दुसऱ्या चार्ल्सशी विवाह करून आलेल्या पोर्तुगीज राजकन्या कॅथरीनने, जिच्या हुंड्यात मुंबई इंग्रजांना मिळाली, चहा इंग्लंडमध्ये आणला असे हौसेने सांगतात. ते खरे नव्हे. सॅम्युएल पेपीसने १६६० मध्येच चहा प्यायल्याची नोंद दैनंदिनीत केली आहे. दरबारात तो रुळवण्याचे श्रेय मात्र तिला द्यावे.

आपण कुणाला बोलावताना ‘टी’ म्हटले, तर उत्तरेकडचा पाहुणा भुकेला येईल हे लक्षात ठेवून स्वयंपाक करावा. नुसता चहाच पाजायचा असेल, तर इकडे त्याला ‘ब्रू’ म्हणतात.