भिंतीवर पट्टेवाला साप दिसला, तर कवड्या कसा ओळखायचा?

पावसाळ्यात पुण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर असा फोटो हमखास येतो: जिन्याच्या भिंतीवर तपकिरी साप, अंगावर पांढरट पट्टे, आणि खाली कुणीतरी लिहिलेलं, 'मण्यार आहे, मारा!' अनेकदा तो विषारी मण्यार नसून बिनविषारी कवड्या असतो. पट्ट्यांपायी त्याचा हकनाक जीव जातो, म्हणून हे लिहितेय.

आधी लांब उभे राहा. मुलांना आणि कुत्र्या-मांजराला दुसऱ्या खोलीत न्या. फोटो झूम करूनच काढा, जवळ जाऊन नाही.

आता पट्टे बघा, खरी खूण तिथेच आहे. कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू होतात, पुढच्या अंगावर ठळक असतात आणि शेपटीकडे विरत जातात. मण्यारचं नेमकं उलटं. त्याचे बारीक पांढरे पट्टे मानेच्या बरेच मागे सुरू होतात, बहुधा जोडीजोडीने असतात आणि शेपटीपर्यंत स्पष्ट दिसतात. मण्यारचा रंग चकचकीत निळसर काळा, कवड्याचा तपकिरी. फोटो चांगला आला असेल तर पाठीचा मधला कणाही बघा: मण्यारच्या तिथे मोठ्या षटकोनी खवल्यांची एक रांग असते, कवड्याच्या नसते. कवड्याचं डोकं चपटं, मानेहून रुंद असतं. लांबी साधारण हात-दीड हात.

तरीही काही कवड्यांचे पट्टे इतके फिके असतात की दिसतच नाहीत, आणि मण्यारच्या पिल्लांचे पट्टे पार पुढेपर्यंत आलेले असू शकतात. त्यामुळे जराही शंका असेल तर तो मण्यारच समजा.

कवड्या राहतो पालींच्या मागावर. जुन्या वाड्यांच्या भिंतींतल्या भेगा, कौलांखालची जागा, विटांचे आणि लाकडांचे ढीग, मीटरची पेटी, फोटोफ्रेमची मागची बाजू. दिवसा तो अशा फटीत दडतो आणि रात्री निघतो. खडबडीत भिंतीवर सरसर चढतो, म्हणून वरच्या मजल्यांवरही सापडतो.

साप खोलीत असेल तर दार लावून खालच्या फटीत चादर कोंबा आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. काठी उचलू नका; वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार अनेक सापांना संरक्षण आहे.

चावला असेल तर ओळखीच्या भानगडीत पडूच नका. मण्यारचा दंश कित्येकदा दुखत नाही, सूजही येत नाही. चावलेला हात किंवा पाय न हलवता १०८ ची रुग्णवाहिका बोलवा आणि प्रतिविष मिळेल अशा मोठ्या रुग्णालयात थेट जा.