पश्चिमेची बेडरूम नागपूरच्या उन्हाळ्यात थंड कशी ठेवायची

मे महिन्यात रात्री दहाच्या सुमाराला बेडरूमच्या पश्चिमेकडच्या भिंतीला तळहात लावून बघा. मग पंखा बंद करून स्टुलावर चढा आणि वरच्या स्लॅबला हात लावा. जे जास्त तापलेलं लागेल, तिथून कामाला सुरुवात करायची. कूलर कोणता घ्यायचा, हा त्यानंतरचा प्रश्न. आपल्याकडे होतं उलटं: खोली तापते म्हणून आधी मोठा कूलर येतो आणि भिंत नि स्लॅब दिवसभर भाजतच राहतात.

नऊ इंची विटांच्या भिंतीला बाहेरचा ताव आत पोचवायला साधारण सहा ते आठ तास लागतात. म्हणजे दुपारी चार-पाचचं ऊन तुमच्या उशाशी येतं रात्री अकरा-बाराला. बाहेरची हवा जरा निवलेली असते, पण खोली निवत नाही, त्याचं कारण हे. चार-पाच इंची स्लॅब तीन-चार तासांतच खालून तापतो. वरच्या मजल्यावरच्या पश्चिमेच्या खोलीला दोन्हीकडून मार बसतो.

आता दिशेचा हिशेब. नागपूर २१.१ उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे २६ मेच्या आसपास दुपारी बारा-सव्वाबाराला सूर्य बरोबर डोक्यावर येतो. नवतपाही (मेअखेरचे तापते नऊ दिवस) त्याच दिवसांतला. सूर्य माथ्यावर असताना दक्षिणेच्या भिंतीला ऊन जवळजवळ लागतच नाही; दीड फुटाचा सज्जा तिथे पुरतो. ‘दक्षिणेची खोली म्हणून तापते’ असं मे महिन्यात कुणी म्हणत असेल तर बहुतेक वेळा खरा दोष डोक्यावरच्या स्लॅबचा असतो. पूर्वेच्या भिंतीला सकाळी ऊन लागतं, पण झोपेपर्यंत तिला निवायला वेळ मिळतो. पश्चिमेला मात्र ऊन आणि तापलेली हवा एकाच वेळी येऊन भिडतात. त्या दिवसांत सूर्य मावळतोही पश्चिमेपासून वीसेक अंश उत्तरेकडे, म्हणून उत्तरेच्या खिडकीतूनसुद्धा संध्याकाळी तिरपं ऊन घुसतं.

पश्चिमेच्या खिडकीवर सज्जा वाढवून काही साधत नाही, हेही याच हिशेबातून कळतं. मेअखेर दुपारी चारला सूर्य क्षितिजापासून जेमतेम ३६ अंश वर असतो. दोन फुटी सज्जाची सावली तेव्हा दीड फूटच खाली येते. चार फूट उंच खिडकी पूर्ण झाकायला साडेपाच फुटी सज्जा लागेल, आणि पाच वाजता नऊ फुटांहून जास्त. इथे उभा आडोसाच हवा.

आधी स्लॅब: चुना

काम मार्चमध्ये उरका. खोली १० बाय १२ असेल तर गच्चीवर तेवढाच चौकोन रंगवू नका, चारी बाजूंनी दोन-दोन फूट जास्त घ्या. म्हणजे १४ बाय १६, साधारण २२५ चौरस फूट. खडबडीत गच्चीवर दोन हातांसाठी एवढ्याला ८ किलो कळीचा (न विझवलेला) चुना लागतो, आणि पाणी किलोला ५ लिटर, म्हणजे ४० लिटर.

१. लोखंडी ड्रममध्ये आधी पाणी घ्या आणि त्यात चुन्याचे खडे थोडे थोडे सोडा. खड्यांवर पाणी ओतलं तर चुना उकळून अंगावर उडतो. प्लास्टिकची बादली वापरू नका, मऊ पडते. डोळ्यांना चष्मा, हातात रबरी मोजे, आणि लेकरं गच्चीवर नकोत.

२. चोवीस तास मुरू द्या. मग जुन्या धोतराच्या किंवा मलमलच्या कापडातून गाळून घ्या. न विरलेले खडे राहिले तर ते नंतर फुटून पापुद्रे निघतात.

३. किलोला ५० ग्रॅम या हिशेबाने ४०० ग्रॅम पांढरा गोंद (लाकडाला लावतात तो, फेव्हिकॉलसारखा) थोड्या पाण्यात कालवून मिसळा.

४. गच्ची झाडून, शेवाळाचे डाग तारेच्या ब्रशने खरवडून धुवा. भेगा दिसल्या तर आधी बुजवा. चुना गळती थांबवत नाही.

५. सूर्य कलल्यावर, स्लॅब हलकासा ओला करून पहिला हात मारा. दुसरा हात दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, आडवा.

चुना पायाला लागतो, पंधरा दिवसांत धूळ होऊन उडतो अशी तक्रार नेहमीची आहे. बहुतेक ठिकाणी तो भर दुपारी तापलेल्या कोरड्या स्लॅबवर लावलेला असतो. पाणी क्षणात उडतं आणि चुन्याला धरायला वेळच मिळत नाही. दुसरी चूक म्हणजे एकाच हातात जाड थर देणं, तो तडकतो. दुधासारखा पातळ हात बरा. एप्रिल-मेच्या वावटळींनी पांढरा रंग राखाडी पडतो आणि ऊन परतवण्याचं काम ढिलं होतं, तेव्हा महिन्यातून एकदा झाडून पुसून घ्या. पावसाळ्यात हा चुना बराचसा धुऊन जातो, दरवर्षी नव्याने लावावा लागतो. तो त्रास नको असेल तर ऊन परतवणारा तयार पांढरा रंग मिळतो, महाग पण काही वर्षं टिकणारा. पांढऱ्या तुकड्यांची चायना मोझॅक फरशी सगळ्यांत टिकाऊ. फ्लॅट स्कीममध्ये गच्ची सामाईक असते, तेव्हा ड्रम वर चढवण्याआधी सोसायटीला विचारा.

गच्चीवर संध्याकाळी पाणी मारण्याची जुनी रीत चांगली आहे, फक्त वेळ आणि माप चुकतं. चार वाजता ओतलेलं पाणी तेवढ्यापुरतं थंड करतं आणि स्लॅब पुन्हा तापतो. सूर्य मावळल्यावर, सातच्या सुमाराला, शंभर चौरस फुटांना वीस लिटर पुरतं, झारीने किंवा पाइपाच्या तोंडाशी बोट धरून शिंपडलेलं. एक लिटर पाणी उडून जाताना साधारण ०.६७ युनिट विजेएवढी उष्णता घेऊन जातं, म्हणून पाणी वाळलं पाहिजे, वाहून जाता कामा नये. टँकरवर दिवस काढणाऱ्या वस्तीत हे करायची गरज नाही. तिथे चुन्यावरच भर द्या.

पीओपीचं फॉल्स सीलिंग हा याला पर्याय नाही. स्लॅब तापतोच, फक्त तुम्हाला दिसत नाही.

खिडकी आणि भिंत

चार बाय चारच्या साध्या काचेच्या पश्चिमेच्या खिडकीतून मेच्या दुपारी चारला सातशे-साडेसातशे वॉट उष्णता आत येते. खोलीत कुणी इस्त्री चालू करून ठेवावी, तसं. आतला पडदा कितीही जाड असला तरी ऊन काचेतून आत आल्यावरच त्याला अडतं. पडदा तापतो आणि ती उष्णता खोलीतच राहते. म्हणून आडोसा काचेच्या बाहेर हवा. काचेला आतून थर्मोकोल किंवा चांदीचा कागद घट्ट चिकटवू नका. काच मध्ये जास्त आणि कडांना कमी तापून तडकते.

सगळ्यांत सोपा आडोसा म्हणजे हिरवी शेडनेट, चौकातल्या सिग्नलवर टांगतात तसली. भिंतीसाठी ७५ टक्क्यांची, खिडकीसाठी ९० टक्क्यांची घ्या. नेट भिंतीला चिकटवून ठोकली तर ती स्वतः तापते आणि भिंतीलाही तापवते. भिंतीपासून फूटभर अंतर सोडा. वर सज्जाच्या कडेला आणि खाली लोखंडी अँगल किंवा जीआय पाइप धरा, मध्ये ताण देऊन तार ओढा. वरचं तोंड मोकळं ठेवा, म्हणजे मधली तापलेली हवा वर निघून जाते. नेटच्या कडा दुमडून दर दोन फुटांवर नायलॉनच्या दोरीने बांधा. मे-जूनच्या अवकाळी वादळात नेट फाटते ती नेहमी बांधलेल्या भोकापासून, आणि कड दुमडलेली नसली की हमखास.

नुसत्या खिडकीसाठी बुरडाकडून बांबूचा तट्टा विणून घ्या, चौकटीपेक्षा सहा-सहा इंच मोठा. नेटपेक्षा जड असतो पण दिसायला चांगला आणि पाच-सहा उन्हाळे सहज जातात. वर बिजागरी लावली तर खालची बाजू काठीने बाहेर तोलून धरता येते आणि खोलीत उजेडही राहतो.

आत करायचं थोडंच आहे. पलंगाची उशी पश्चिमेच्या भिंतीला लावू नका, निदान फूटभर दूर सरका. त्या भिंतीला कपाट लावा, दोन-तीन इंच फट सोडून. कपड्यांनी भरलेलं कपाट चांगला आडोसा करतं. फोमची गादी अंगाखाली गरम होते, कापसाची बरी. जागा असेल तर पावसाळ्यात पश्चिमेला मधुमालती लावून जाळीवर चढवा. पुढच्या एक-दोन उन्हाळ्यांनंतर नेटची गरज बरीच कमी होईल.

खिडक्या कधी उघडायच्या

घरात एक आणि बाहेर सावलीत एक असे दोन साधे थर्मामीटर ठेवा. बाहेरचा आकडा आतल्यापेक्षा खाली आला की उघडा, वर गेला की बंद करा. मे महिन्यात हे साधारण रात्री नऊ-दहानंतर आणि सकाळी साडेसात-आठपर्यंत असतं. पहाटे चार ते सहा सगळ्यांत मोलाचे तास. तेव्हा समोरासमोरची दारं-खिडक्या उघडून टेबल फॅनचं तोंड खिडकीबाहेर करा. आतली गरम हवा बाहेर जाते आणि दुसरीकडून गार हवा ओढली जाते. संध्याकाळी स्लॅब तापलेला असेपर्यंत सीलिंग फॅन वरची गरम हवाच खाली फेकतो, तेवढा वेळ जमिनीवरचा पंखा बरा.

मग कूलर

नागपूरच्या मेमध्ये दुपारची हवा इतकी कोरडी असते की ४४ अंशांची हवा चांगल्या ताट्यांतून (कूलरच्या बाजूंच्या ओल्या पॅडमधून) २८-३० वर येते. पण कूलरला सतत ताजी हवा आत आणि तेवढीच बाहेर लागते. खोली बंद ठेवून कूलर लावला की तासाभरात चिकचिक सुरू होते, आणि दोष कूलरला मिळतो. १० बाय १२ च्या, दहा फूट उंच खोलीत १२०० घनफूट हवा असते. ती दोन मिनिटांत एकदा बदलली पाहिजे, म्हणजे मिनिटाला ६०० घनफूट. एवढ्यासाठी कूलरच्या समोरच्या बाजूला चार फुटी खिडकीचा पल्ला चार इंच उघडा ठेवा. कूलरच्या पेटीवर छापलेला हवेचा आकडा नव्या, स्वच्छ पॅडचा असतो, तेव्हा दीडपट मोठा घ्या.

कूलर पश्चिमेच्या खिडकीत बसवावाच लागला तर त्याच्यावर सावली करा, पण नेट ताट्यांना टेकू देऊ नका. तिन्ही बाजूंनी फूट-दीड फूट मोकळं हवं. एसीचा बाहेरचा युनिट त्याच्या शेजारी नको. असा कूलर तासाला सहा-सात लिटर पाणी पितो. रात्रभराला सत्तर लिटर धरा आणि टाकी त्या मापाची बघा. बोअरचं पाणी जड असलं की ताट्यांवर पांढरे क्षार बसतात, पाणी एकाच पट्ट्यातून वाहतं आणि बाकी कोरड्या ताटीतून गरम हवाच आत येते. हात लावून बघा, ताटी सगळीकडे सारखी ओली हवी. आठवड्याला टाकी पूर्ण उपसून घासा. यात क्षारही जातात आणि डासांच्या अळ्याही. लाकडी सालपटांच्या (वूड वूल) ताट्या दर हंगामाला बदला, त्या मध्ये खचल्या की वरून सरळ हवा घुसते. वाळ्याच्या ताट्या महाग, पण वास छान.

दर उन्हाळ्यात विदर्भात कूलरचा शॉक लागून माणसं जातात. पत्र्याच्या कूलरला तीन पिनांचाच प्लग, चालू अर्थिंग आणि बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच प्रवाह तोडणारा स्विच) लावा. पाणी भरताना प्लग काढायचा, नुसतं बटन बंद करून भागत नाही. ओल्या फरशीवर अनवाणी हात लावू नका. पंपाची वायर पाण्यात जोड देऊन वाढवलेली असेल तर आजच बदलून घ्या.

जूनच्या मध्याला पाऊस आला की कूलर निरुपयोगी होतो. हवाच ओली असते. त्याआधीच्या आठवड्यात गच्चीवरून उडालेला चुना झाडून गोळा करा आणि पन्हाळीची तोंडं मोकळी करा, नाहीतर पहिल्याच सरीला चुन्याचा लगदा बसून गच्चीवर पाणी तुंबतं. नेट सोडून धुऊन गुंडाळा. कूलरची टाकी कोरडी करून, पंप काढून, उलटी ठेवा.