घाबरलेली मांजर जेवत नसेल तर

आधी घड्याळ पाहा. मोठ्या मांजरीने 24 तास काहीच खाल्लं नसेल तर पशुवैद्य गाठा. पिल्लासाठी एवढंही थांबू नका. उपाशी मांजरीच्या, विशेषतः लठ्ठ मांजरीच्या, यकृतात चरबी साचते आणि ते जिवावर बेतू शकतं.

थोडंफार खात असेल तर तिची ताटली शांत कोपऱ्यात, शौचाच्या ट्रेपासून लांब ठेवा. ताटली उथळ, पसरट हवी. पाठ भिंतीकडे आणि नजर दाराकडे राहील अशी जागा तिला आवडते. घरात दुसरी मांजर असेल तर दोघींना एकमेकींच्या नजरेआड जेवू द्या.

ओलं खाणं कोमट करून, एकेक चमचा, दिवसातून चार-पाच वेळा द्या. गरम केल्याने वास सुटतो, आणि मांजर आधी वासावरच ठरवते. वीस-तीस मिनिटांत खाल्लं नाही तर मुकाट्याने उचला. तोंडात कोंबू नका, मागे लागू नका: त्या खाण्याचीच तिला धास्ती बसू शकते. चव वाढवायला कांदा-लसूण असलेला रस्सा तर अजिबात नको, तो विषारी आहे.

नवं खाणं आत्ता सुरू करू नका. ती सावरली की जुन्यात थोडं थोडं मिसळत सात ते दहा दिवसांत बदला.