रोप सगळ्यात शेवटी आणायचं

उत्तराखंड किंवा दार्जिलिंग फिरून आलेला नाशिककर मोबाइलमध्ये बुरांसाच्या, म्हणजे पहाडी ऱ्होडोडेंड्रॉनच्या, लालभडक फुलांचे फोटो घेऊन परततो. मग प्रश्न येतोच: आपल्या बागेत लागेल का हो हे? आमच्या घरातही तो असाच आला. पहिलं रोप मी अंगणातल्या काळ्या मातीत, भरपूर शेणखत घालून, गुलाब लावतात तसं लावलं. होळीपर्यंत पानं पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या. अक्षय्य तृतीयेला नुसत्या काटक्या उरल्या. त्यानंतर ही यादी तयार झाली. ती जूनमध्ये सुरू होते आणि रोप डिसेंबरात येतं.

आधी कोणतं ऱ्होडोडेंड्रॉन, ते ठरवा. बुरांस हा वृक्ष आहे, शिवाय थंड डोंगरातला, त्याला विसरा. जपानच्या याकुशिमा बेटावरचं बुटकं सदाहरित ‘याकुशिमानम’ फोटोत फार देखणं दिसतं, पानांच्या पाठीवर मखमल असते; पण ते पावसाळी डोंगरमाथ्यावरचं झाड आहे आणि आपला मे महिना चाळिशीचा. राहता राहिली सदाहरित अझेलिया. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबात तीही ऱ्होडोडेंड्रॉनच, उंची गुडघ्याएवढी, कुंडीत सुखाने राहणारी. तिच्यातही कुंडीसाठी वाढवलेल्या ‘इंडिका’ जाती ऊब जरा जास्त सोसतात. माझं मत विचाराल तर नाशिकमध्ये फक्त हीच लावावी.

जूनमध्ये पाण्याची सोय. खरी मेख इथेच आहे. या झाडाला माती आंबट लागते, साडेचार ते सहा पीएचची (पीएच हे आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकी माती आंबट). आपली बेसाल्टपासून झालेली काळी माती साडेसात-आठच्या घरात, आणि खाली चुनखडी लागली तर विचारूच नका. पीएचमध्ये दोन अंकांचा फरक म्हणजे शंभर पटींचा फरक. मातीत गंधक मिसळून ती आंबट करता येते, असं कोणी सांगेल. द्राक्षवाल्यांना विचारा, चुनखडीच्या रानात गंधक किती पुरतं ते. म्हणून जमिनीत लावायचंच नाही, कुंडीत लावायचं. पण कुंडीत कितीही चांगलं मिश्रण भरलं आणि वरून रोज बोअरचं जड पाणी घातलं, तर वर्षभरात तेही चुन्याच्या वळणावर जातं. गंगापूर धरणाचं नळाचं पाणी बोअरपेक्षा पुष्कळ बरं. सगळ्यात चांगलं पावसाचं. शंभर चौरस फुटांच्या पत्र्यावर 10 मिलिमीटर पाऊस पडला की 90 लिटरच्या आसपास पाणी मिळतं. एका कुंडीला दिवसाला पाऊण लिटर धरलं तर 200 लिटरचा एक पिंप पावसाळ्यानंतरचे आठ महिने काढतो. पाणी पत्र्यावरचंच धरा. नव्या सिमेंटच्या स्लॅबवरून आलेलं पाणी चुना घेऊन येतं. पहिले दोन-तीन पाऊस वाहून जाऊ द्या. पिंपाच्या तोंडाला सुती कापड घट्ट बांधा, नाहीतर डासांची पैदास होईल आणि घरचेच पिंप उलटं करतील.

कुंडी मातीची घ्या, उथळ आणि रुंद, बारा इंची. सिमेंटची स्वस्त आणि टिकाऊ असते हे खरं, पण तीही चुना सोडते. मुळं केसांसारखी बारीक आणि वरच्या थरातच पसरतात, त्यामुळे खोली लागत नाही. सोबत सोळा इंची आणखी एक कुंडी आणा. छोटी मोठीत ठेवायची, मधल्या फटीत वाळू भरायची आणि उन्हाळ्यात ती ओली ठेवायची. माठातलं पाणी जसं गार राहतं तशीच मुळं गार राहतात. भोकं दोन्ही कुंड्यांना हवीतच, कारण पाणी साचलं की मुळं कुजतात.

मिश्रणात बागेतली माती चिमूटभरही नको. दोन भाग धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग चांगलं कुजलेलं पालापाचोळ्याचं खत, एक भाग परलाइट (हलके, पांढरे, सच्छिद्र खडे). परलाइट महाग वाटलं तर भाताचा तूस घ्या, इगतपुरीकडच्या गिरणीत पोत्याने मिळतो. कोकोपीट धुतल्याशिवाय वापरू नका, त्यात मीठ असतं. राख, अंड्याची टरफलं, हाडांचा चुरा या आपल्या लाडक्या गोष्टी या कुंडीपासून लांब ठेवा, सगळ्यांत चुनाच आहे. मिश्रण दिवाळीआधी भिजवून ठेवा आणि पीएच पट्टीने तपासा.

खतांच्या दुकानातून दोनच वस्तू: अमोनियम सल्फेट आणि चिलेटेड लोह, म्हणजे मुळांना सहज घेता येईल अशा रूपातलं लोह. पहिलं लिटरला एक ग्रॅम, फुलं संपल्यावर नवी पालवी येईल तेव्हा, पंधरा दिवसांतून एकदा. दुसरं फक्त पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर. दुकानदार कॅल्शियम नायट्रेट पुढे करेल, कारण तो तुम्हाला द्राक्षवाला समजतो. नम्रपणे नाही म्हणा.

जागा पूर्वेची. सकाळचं नऊ-साडेनऊपर्यंतचं ऊन, पुढे दिवसभर सावली. पश्चिमेची भिंत रात्री उशिरापर्यंत तापलेली असते, तिच्याजवळ कुंडी नको. मार्चमध्ये वर 75 टक्क्यांची शेडनेट बांधायची, म्हणून तिचे हूक आत्ताच ठोकून घ्या. एप्रिलच्या उन्हात शिडीवर चढायला कोणी येत नाही. घरात कुत्रं किंवा शेजारी शेळी असेल तर कुंडी उंचावर हवी. पानं-फुलं विषारी असतात. पहाडात बुरांसाचं सरबत करतात म्हणून याच्या पाकळ्या तोंडात टाकू नका.

आता रोप. डिसेंबरात, थंडी स्थिरावल्यावर, कळ्या टपोऱ्या पण मिटलेल्या असं निवडा. सगळी फुलं उमललेलं रोप घरी येऊन पंधरा दिवसांत भुंडं होतं आणि विकणारा म्हणतो, तुम्ही पाणी जास्त घातलं. पानाची पाठ उलटून बघा, काळे ठिपके किंवा जाळी असेल तर ठेवून द्या. घरी आणल्यावर मुळांचा गड्डा बादलीत बुडवा, बुडबुडे थांबेपर्यंत. कडेची गुंतलेली मुळं बोटांनी सैल करा. गड्ड्याचा वरचा भाग मिश्रणाच्या पातळीतच राहू द्या, खोल पुरू नका. वर दोन इंच सागाच्या पानांचा चुरा पसरा, खोडापासून बोटभर लांब. खुरपं या कुंडीत कधीच घालायचं नाही. आणि छाटणी करायची तर फुलं गळताच, मार्च उलटायच्या आत. पुढच्या वर्षीच्या कळ्या उन्हाळ्यातच धरायला लागतात, हे मला तिसऱ्या वर्षी, जूनमध्ये कात्री चालवून झाल्यावर कळलं.